धोंडबाच्या मधावरचा शेरा

१४ मे १९८५, मंगळवार. ऊन फार. सकाळी नळाला पाणी नाही. सत्यवती दुपारीच घरी आली, जेवली नाही.

सत्यवती गजभिये आमच्या सक्करदऱ्याच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत असे. एका खासगी प्रयोगशाळेत ती मध आणि सरबते तपासायची. घराण्यातली पहिली एम.एस्सी.; तिचा पांढरा कोट नेहमी कडक इस्त्रीचा.

काय झाले विचारले तेव्हा तिने ओट्यावर दोन पेले ठेवले. एकात पाणी, एकात साखरेचा पाक, दोन्हींत चमचा.

"पाकातला चमचा जास्त वाकडा दिसते ना, काकू? आमचं मशीन एवढंच पाहते."

मग तिने समजावले. मधातल्या साखरा द्रावणाबरोबर नळीतून वाहताना एकेक वेगळ्या होतात. शेवटी काचेचे दोन बारीक कप्पे असतात, त्यांतून प्रकाश जातो. एकात नुसते द्रावण कोंडलेले, दुसऱ्यातून ते वाहत असते. दोन्हीकडे सारखेच असेल तोवर कागदावरचे पेन सरळ रेघ ओढते. साखर आली की प्रकाश जास्त वळतो आणि पेन वर चढते.

"पण द्रावण गार-गरम झालं तरी प्रकाश वळते. तेच मी विसरली."

धोंडबा रामटेककडचा, जंगलातून मध काढणारा. कागदावर उसाच्या साखरेच्या जागी उंचवटा दिसला म्हणून त्याच्या मधावर तिने 'साखर मिसळलेली' असा शेरा दिला होता. मध विकत घेणाऱ्या औषधवाल्याने डबे परत पाठवले. धोंडबा जावयाला घेऊन प्रयोगशाळेत आला, तेव्हा तिचे साहेब मनोहरराव सर्वांदेखत म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही."

"मी साखर काहून टाकीन, साहेब? माशाईले का मी चहा पाजून राहिलो?"

सगळे हसले. सत्यवतीही हसली.

त्या दिवशी अकराच्या सुमारास तिने मध न घालता नुसते द्रावण चालवले, तरी कागदावर तोच उंचवटा आला. द्रावणात बुडबुडे होऊ नयेत म्हणून बाटलीला तिने स्वतःच ओले फडके गुंडाळून ती कूलरसमोर ठेवली होती, घरी पाण्याची सुरई ठेवतो तशी. नुसत्या द्रावणाची रोजची सकाळची तपासणी फडके बांधण्याआधीची असे, म्हणून कधी कळले नाही. फडके काढून, रेघ सरळ होईपर्यंत थांबून, तिने धोंडबाचा उरलेला मध पुन्हा तपासला. तो उंचवटा नव्हता.

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, नवा रिपोर्ट टपालाने पाठव, बोभाटा नको. पण मी त्याच्या तोंडावर हसली, काकू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसने गेलो. धोंडबा अंगणात मेण गाळत होता. तिने उभ्यानेच सांगितले, "तुमचा मध चांगला होता. चूक माझी."

त्याने मेणाचे भांडे बाजूला ठेवले. मग म्हणाला, "जावई तवापासून माह्याशी बोलत नाही, मॅडम. त्याच्यासमोर सांगा."

जावई शेजारच्याच गल्लीत होता, त्याला बोलावले. त्याच्यामागे आणखी माणसे जमली. सत्यवतीने सगळे पुन्हा सांगितले, फडक्यासकट.

"एवढं शिकून ओलं फडकं?" मागून एक बाई म्हणाली.

"हो," सत्यवती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

जावयाने नवा रिपोर्ट घेतला आणि सासऱ्याकडे पाहून विचारले, "डबे औषधवाल्याकडे मी घेऊन जाऊ का, मामा?" धोंडबाने होकारार्थी मान हलवली. आम्हाला त्याने पाणी दिले. बसा म्हणाला नाही.

परतताना सत्यवती खिडकीकडे तोंड करून बसली.

१५ मे. रामटेकहून सहाला परत. कणीक संपली, उद्या गहू दळायला देणे.