हनुवटीकाकांचं कोपर

कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओचे मालक, कॅमेरामन आणि झाडूवाले एकच होते, आणि सगळे त्यांना हनुवटीकाका म्हणत. समोर बसलेला माणूस लहान असो की मोठा, "हनुवटी थोडी खाली" म्हणत काका दोन बोटांनी ती जागेवर आणून ठेवायचे. त्यांचा दुसरा सोस टचिंगचा. फोटो कॉम्प्युटरवर आला की मुरूम, वांग, काळी वर्तुळं पुसून टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एका पेन्शनराचा चेहरा त्यांनी असा काही उजळला की बँकेतला कारकून म्हणाला, "हा मुलाचा फोटो झाला, तुमचा आणा."

अशा माणसाच्याच कोपरावर देवानं लाल चट्टे उठवले, वर चंदेरी पापुद्रे. मग गुडघ्यांवर, मग हातांच्या पाठींवर. काकू रोज अंथरूण झटकायच्या आणि म्हणायच्या, "अहो, झोपेत भिंतीचा चुना खरवडता की काय?" काकूंनी देवाला साकडं घातलं, काकांनी पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले.

पण हाताची पाठ कुठल्या बाहीत मावते? शाळेतल्या वर्गांचे फोटो दरवर्षी काकाच काढायचे, आणि स्टुडिओची गाडी त्यावरच ढकलली जायची. यंदा ते दिवस ठरवायला गेले, तर मुख्याध्यापिकाबाईंनी आपली खुर्ची जरा मागे सरकवली.

"काका, राग मानू नका. तुम्ही प्रत्येक मुलाच्या हनुवटीला हात लावता, पालक विचारतायत. हे संसर्गजन्य नाही अशी डॉक्टरांची चिठ्ठी आणा. नाहीतर मला दुसरा फोटोवाला बघावा लागेल."

सरकारी दवाखान्यात कातडीचे डॉक्टर नव्हते. इथल्या सिस्टरनं चट्ट्यांचे फोटो मोबाइलवर काढून पाठवायचे आणि लांबच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहून निदान कळवायचं, अशी सोय होती. सिस्टरनं ट्यूबलाइटखाली मोबाइल रोखला मात्र, काकांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो सिस्टर, या उजेडात नवरीमुलगीसुद्धा कावीळ झाल्यासारखी दिसेल! मी काढून आणतो फोटो. माझा धंदाच आहे."

रांग दाराबाहेर गेली होती. "आणा बाबा," सिस्टर म्हणाली, "पण लवकर आणा."

स्टुडिओत दोन दिवे लागले, मागे निळा पडदा आला, काकूंनी पांढरी छत्री धरली. कोपर कॉम्प्युटरवर आलं आणि काकांचा हात सवयीनं चालू लागला. फार नाही, इथं थोडं सपाट, तिथं लाली जरा कमी. चहा घेऊन आलेल्या काकू बघतच राहिल्या. "अगबाई, लग्नात होतं ना, अगदी तस्संच आलंय!"

उत्तर आलं ते सिस्टरनं रांगेसमोरच वाचलं. "कातडी निरोगी आहे. हे कोपर दुसऱ्याचं असावं. कृपया रुग्णाचं पाठवा."

रांगेतली एक म्हातारी पुढे सरसावली. "मला पण याच डॉक्टरकडे लावून द्या गं, एका फोटोत बरं करतात!"

घरी काकूंनी तोंडाचा पट्टा सोडला. "देवासमोर उभे राहाल, तेव्हाही आधी टचिंग करून जाल! शाळा हातची चाललीय आणि डॉक्टर म्हणतात तुम्हाला काही झालंच नाही."

"मुद्दाम नाही केलं गं. हात गेला."

"हाताचंच तर दुखणं आहे!"

 काकांनी जन्मभर लोकांचे डाग पुसले ते त्यांच्यावर उपकार म्हणून. आपला डाग दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर धरायची वेळ आली, तेव्हा मात्र तो पुसून मगच दाखवला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं त्यांना खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. आधी लांबून, मग जवळून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढले. मग डोक्यातला, ज्याला काका इतके दिवस कोंडा समजत होते तो थर. मग नखांवरचे बारीक खड्डे. काकांनी सवयीनं मान नीट केली.

"हनुवटी राहू द्या काका, ती मला नकोय."

दुपारी डॉक्टरीणबाईच मोबाइलच्या पडद्यावर आल्या. खाज येते का, सांधे दुखतात का, घरात आणखी कुणाला आहे का, सगळं विचारलं. "सोरायसिस आहे. संसर्गजन्य अजिबात नाही, तशी चिठ्ठी देते. मुळापासून जाईल असं सांगत नाही, पण मलम नेमानं लावलंत तर आटोक्यात राहील. महिन्यानं पुन्हा फोटो पाठवा. सिस्टरनं काढलेले."

काकूंनी हात जोडले. देवाला की मोबाइलला, ते कळलं नाही.

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी चिठ्ठी नीट वाचली आणि पटांगणात जमलेल्या मुलांदेखत, पालकांदेखत पहिल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. "आधी शिक्षकांचा फोटो घ्या."

काकांनी बाह्या दुमडल्या. बोटं पुढे नेली आणि ती मध्येच थबकली.

"थांबलात का? हनुवटी थोडी खाली ना?" म्हणत बाईंनी ती स्वतःच त्यांच्या बोटांवर टेकवली. मग हळूच म्हणाल्या, "गळ्यावरच्या सुरकुत्या तेवढ्या…"

"बाई, टचिंग बंद केलंय मी."

"कधीपासून?"

"आजपासून."

"बंद उद्यापासून करा," बाई म्हणाल्या, आणि हसऱ्या चेहऱ्यानं कॅमेऱ्याकडे पाहू लागल्या.