आमच्या घरातला तोफगोळा

लोहगडासमोरच्या औंढे गावातल्या आमच्या घरात एक तोफगोळा होता आणि दर दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. आमच्या एका पूर्वजाने तो लोहगडावरून आणला, असं मी माझ्या मुलीला, सईला, ती चालायला लागली तेव्हापासून सांगत आलो होतो. (दर वर्षी त्या पूर्वजाला एखादी जखम वाढायची. शेवटी शेवटी त्याच्या अंगावर जागाच उरली नव्हती.) आपण कोण, कुठले, हे पोरांना कळायला नको?

यंदा शाळेत इतिहासाचं प्रदर्शन भरलं. सातवीतल्या सईने गोळा नेला आणि माझी गोष्ट जखमांसकट सांगितली. टाळ्या पडल्या. मग खेळाच्या सरांनी गोळा उचलला, हातात तोलला, उलटा केला आणि बुडाशी साचलेलं हळदकुंकू अंगठ्याने खरवडलं. खाली इंग्रजीत कोरलेलं निघालं : चार केजी.

"सई," सर समजावत म्हणाले, "त्या काळी शेर होता गं, किलो नव्हता. हा गोळाफेकीचा गोळा आहे."

सगळी शाळा हसली. मी पालक म्हणून पहिल्याच रांगेत! (मी नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात लोखंडी माल तपासतो. हा एक गोळा तेवढा कधी उलटून पाहिला नाही.) सई रडली असती तर परवडलं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

घरी येताच मी वडिलांवर घसरलो. "आबा, गोळा गडावरचा आहे, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"म्या कवा सांगितलं?" आबा म्हणाले. "शाळेच्या मैदानातनं आपल्या खाचरात पडलता. परत द्याया निगालो, तर तूच आडवा आलास. तोफगोळा हाय म्हनून साऱ्या वर्गाला सांगून बसलातास. सहावीतलं पोर, तुजं हसं व्हईल म्हनून गप ऱ्हायलो."

माझं हसं असं टळलं होतं. ते आता सईच्या वाट्याला आलं.

"पप्पा," तिने विचारलं, "मग बाकीचा इतिहास पन असाच का?"

इतक्या वर्षांत मी तिला काय काय सांगितलं होतं, ते आठवेना. उत्तर आबांनीच दिलं.

"गड हाय की समोर. त्यो काय तुज्या बापाच्या सांगन्यावर उभा न्हाई. बापाचं तेवडं तपासून घेत जा."

दुसऱ्या दिवशी सईने गोळा पुन्हा प्रदर्शनात मांडला. पुढ्यात तिच्या अक्षरात चिठ्ठी होती :

'वस्तू : थाप. काळ : पप्पा सहावीत असतानाचा. अवस्था : उत्तम, अजून वापरात.'