वायफाय आणि फोनची वाटणी

आमच्या अर्जुनी मोरगावात वायफाय दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे. यंत्राला हात लावण्याआधी तो घरातल्यांना पंचायत भरवल्यासारखं बसवतो आणि दोन्ही बाजू ऐकून घेतो.

आमच्याकडे आईने चिचगडच्या मावशीशी बोलायला कॉर्डलेस उचलला, की माझ्या मुलीचा ऑनलाइन क्लास अडकायचा. तो आला तेव्हा फोन काढून टाका, असं मी सांगितलं. आईचा चेहरा पडला.

"काढता कायले?" तो म्हणाला. "राऊटर अन् फोन, दोघं भाऊ एकाच खोलीत, एकाच लहरीवर भांडून राहिले. वाटणी करा."

त्याने पावलांनी घर मोजलं. राऊटरला समोरची खोली आणि नवा चॅनेल दिला, फोनला भिंतीपलीकडचं स्वयंपाकघर. सगळ्यांकडून रीतसर होकार घेतला.

आईने लगेच आतून मावशीला फोन लावला. क्लास अजिबात अडकला नाही. मी खुशीत त्याच्यासाठी चहा मागितला.

"चूल बी फोनच्या वाट्याले आली, बापू," आई म्हणाली. "बोलणं होऊ दे आधी."

तास उलटला. मी ओशाळून त्याच्याकडे पाहिलं.

"वाटणी पाळा लागते, भाऊ," तो समाधानाने म्हणाला. "नेट पाहा, कसं पळून राहिलं."