मूठ उघडणाऱ्या सिस्टर

आमच्या रत्नागिरीच्या दवाखान्यातल्या सिस्टर पावसच्या. नवजात बाळाची मूठ उघडून बघायची त्यांना खोड होती. "बघू गो बाय तुझा हात," म्हणत त्या चिमुकली बोटं उलगडायच्या आणि भविष्य सांगायच्या. "ही मास्तरीण व्हायची हो! हा बोटीवर जायचा!" बाळंतिणी हसायच्या.

आमच्या मुलीची मूठ त्यांनी उघडली आणि लगेच मिटली. मग माझा हात ओढून उजेडात धरला, नंतर बायकोचा. "तुमच्यात नाहीय ती," एवढंच पुटपुटल्या. मुलीच्या तळव्यावर आडवी, एकच सरळ रेघ होती. अशी रेघ कधी कधी जन्मजात दोषाची खूण असते; आमच्याही हातावर असती, तर घराण्यातली म्हणून सोडून देता आली असती, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी डॉक्टरांना तिच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला. हृदयाला भोक असावं म्हणाले. गुणसूत्रं तपासायला रक्त मुंबईला गेलं. रिपोर्टला महिना लागणार होता. सिस्टर भेटल्या की विचारायच्या, "दूध ओढते ना हो?" पण माझ्याकडे बघायच्या नाहीत.

मी शाळामास्तर. त्या महिन्यात त्यांची खोड मला लागली. छडीसाठी पुढे आलेला प्रत्येक तळवा मी निरखायचो. एकदा पाचवीतल्या एका मुलीच्या हातावर तश्शीच रेघ दिसली. मी छडी खाली ठेवली, तिला मैदानाला फेरी मारायला पाठवलं आणि खिडकीतून तिला धाप लागते का ते बघत राहिलो.

ती हसत परत आली. मी तिला आणखी एक फेरी मारायला लावली.