दादासाहेबांचे उजवे हात

आम्ही मिलवाल्या बाया लग्नात किंवा तेरवीत भेटलो की दोन वाक्यांत दादासाहेबांवर येतो. एकीने एक किस्सा काढला की दुसरीला दुसरा आठवतो. पंगत उठून जाते, तरी आमचं संपत नाही. परवा माझी भाची ऐकत बसली होती. नर्सिंग शिकते. म्हणाली, "मावशी, हा रोगच असते. दुसऱ्याचं दुखणं अशा माणसाले लागतच नाही."

मी म्हटलं, हा कसला रोग, झाला त्याले आणि भोगला आम्ही! आणि रोगी आहे, तर खाटेवर निजवायचं सोडून खुर्चीवर कोण बसवते? 

तर आमची ही राईस मिल भंडाऱ्याजवळ, कारध्याच्या पुढे होती. आणीबाणी उठली, त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांतली गोष्ट. धान हौदात भिजवायचं, उकडायचं आणि सिमेंटच्या पटांगणावर पसरायचं, म्हणजे उसना, उकडा तांदूळ होतो. पसरलेलं धान आम्ही बाया पायांनी फिरवायचो. एक पाय ओढत, मग दुसरा. धानावर चप्पल चालत नाही, हे आम्हालाही मान्य होतं. लक्ष्मी आहे ती. पण उन्हाळ्यातलं सिमेंट काही लक्ष्मी नाही.

*

दादासाहेब मिलचे मालक, सोसायटीचे चेअरमन, शाळेचे अध्यक्ष. माणूस गोड. भट्टीवाला किसन तापाने गेला, तेव्हा दादासाहेब सगळ्यांत आधी त्याच्या दारात हजर. किसनच्या बायकोसमोर उकिडवे बसले, थोडा वेळ जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, माझा उजवा हात गेला." सगळं गाव हळहळलं. मीसुद्धा. म्हटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे.

पोळ्याच्या आसपास हमाल गणपत गेला. दादासाहेब आले, उकिडवे बसले, तेवढाच वेळ जमिनीकडे पाहिलं. "वहिनी, माझा उजवा हात गेला."

दिवाळीनंतर चौकीदार गेला. दादासाहेब उकिडवे बसले आणि जमिनीकडे पाहू लागले. आमच्यातली सगळ्यांत जुनी तुळसाबुढी माझ्या कानाशी लागली, "शांता, या साहेबाले उजवे हात किती हायेत वो?"

मयताच्या घरी मला तोंडात पदर कोंबावा लागला.

*

दादासाहेबांना प्रत्येक बाईच्या लेकरांची नावं पाठ. सकाळी फाटकात उभं राहून विचारायचे. तुझ्या सुरेशचा खोकला कसा आहे, तुझ्या पोरीचे जुलाब थांबले का. बाया खूश. नवऱ्याला नाही आठवत, ते साहेबाला आठवते!

विमल आमच्यात सगळ्यांत तरणी. तिचं पोरगं सारखं आजारी. तिला तर दादासाहेब रोज थांबवून विचारायचे. मग एक दिवस माझ्या ध्यानात आलं. पटांगणाचा दक्षिणेकडचा कोपरा सगळ्यांत वाईट. तिथे मिलच्या पत्र्याची झळ वरून आणि सिमेंटची खालून. आणि ज्या बाईचं लेकरू आजारी, नेमकी ती त्या कोपऱ्यात. घरी दुखणं असलेली बाई तोंड वर करून बोलत नाही, काम सोडून जात नाही. हे त्या माणसाला आमच्यापेक्षा नीट कळत होतं.

मी बायांना सांगितलं. दुसऱ्या सकाळपासून सगळ्यांची लेकरं ठणठणीत! दादासाहेबांनी विमललाही विचारलं. ती म्हणाली, पोरगं पहेलवान झालं, साहेब. घरी पोरगं तापाने फणफणत होतं, पण कोपरा त्या दिवशी बदलला.

*

उन्हाळ्यात आम्ही पोत्यांचे तुकडे पायांना बांधू लागलो. चप्पल नाही, पोतं तर चालते ना! चार दिवस बरे गेले. मग दादासाहेब म्हणाले, सुतळीचे धागे तांदळात जातात. पोती बंद.

विमलचे तळवे सोलून निघाले. दादासाहेबांनी सगळ्यांसमोर तिला बोलावलं, स्वतःच्या हाताने मलमाची डबी दिली आणि पाय बरे होईपर्यंत घरी आराम कर म्हणाले. गावात कौतुक झालं. पाय बरे झाल्यावर विमल आली, तर नव्या चौकीदाराने तिला फाटकातच अडवलं. तिच्या जागी दुसरी बाई लागली होती. विमलचा नवरा सुरतेला गेला तो तिकडचाच झाला होता. पोरगं, सासू आणि ती, तिघंही त्या पटांगणावरच जगत होती.

त्या दिवसापासून आमचं एकच चाललं. विमल परत आली पाहिजे.

*

तुळसाबुढीचं म्हणणं, साहेबाला कोणी दाखवलंच नाही, म्हणून कळत नाही. एकदा चटका बसू द्या. तिने साहेबांना जाऊन सांगितलं की धानाची पूजा करायची आहे, मालकाच्या हातूनच झाली पाहिजे, आणि दुपारीच. पूजेचा पाट मांडला बरोबर पटांगणाच्या मधोमध.

दादासाहेबांनी बूट काढले, मोजे काढले आणि निघाले. आम्ही पाहत होतो. माणूस हसत गेला, नारळ फोडला, हसत परत आला. ऑफिसात गेल्यावर मात्र हिशेब ठेवणाऱ्या दिवाणजींनी बादलीभर पाणी मागवलं. मीच नेऊन दिलं. साहेबांच्या पायांची सालं लोंबत होती.

बादलीत पाय ठेवून दादासाहेब मला म्हणाले, "चटका बसतो, शांताबाई. तुमचं खरं आहे."

मला वाटलं, झालं आपलं काम. तेवढ्यात त्याच आवाजात ते दिवाणजींना म्हणाले, "पोती बंदच ठेवा."

 आपण समजत होतो की त्याला कळत नाही. त्याला सगळं कळत होतं. आपल्यापुढे ठेवलेलं ताट दिसावं, तसं आमचं दुखणं त्याला दिसत होतं. भूक तेवढी नव्हती.

*

मग भंडाऱ्याला दादासाहेबांचा सत्कार झाला, कामगारांचा कैवारी म्हणून. टाळ्या वाजवायला आम्हाला ट्रकमध्ये भरून नेलं. हार झाले, शाल झाली. कोणाला तरी सुचलं की कामगार भगिनींपैकी एकीने दोन शब्द बोलावेत. दिवाणजी नाही नाही करेपर्यंत मी स्टेजवर होते.

चौथी शिकलेली बाई मी, भाषण काय करणार? म्हटलं, "साहेब लय चांगले हायेत. पाय जळले म्हणून आमच्या विमलचं काम गेलं होतं. साहेब तिले सोमवारपासून परत घेऊन राहिले. हे तुमच्यासमोर सांगाले मले लय आनंद होते."

असं काही ठरलेलं नव्हतं. लोकांनी टाळ्या पिटल्या. दादासाहेबांनी उठून मला हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत राग शोधला, तर तोही नव्हता.

येताना ट्रक कारध्याच्या पुलावर थांबला आणि ड्रायव्हरने फक्त मला उतरवलं. साहेबांचा हुकूम. बाया ओरडल्या, ट्रक निघून गेला. मी पायी घरी आले. रस्ता डांबरी होता, पायात चप्पल होती, मला काय होते!

सोमवारी विमलला फाटकातून परत पाठवलं.

*

मंगळवारी उकडलेलं धान पटांगणावर पडलं. त्या हंगामातली सगळ्यांत मोठी खेप. उकडलेलं धान वेळेवर फिरवलं नाही तर आतून घामेजते, आंबते, मग त्या तांदळाला कोणी हात लावत नाही. आम्ही फाटकातून आत गेलो आणि भिंतीच्या सावलीत ओळीने बसलो. विमलच्या जागची नवी बाईही आमच्यासोबत बसली.

आधी दिवाणजी आले, मग दादासाहेब. त्यांनी पहिल्यांदा गंमत केली. कोणी हसलं नाही. मग चहा सांगितला. चहा आला, आम्ही प्यायलो, कप उलटे ठेवले. मग म्हणाले, पलीकडच्या गावातून बाया आणतो. आणा म्हटलं. धानाला वास सुटायला लागला होता.

तेव्हा दादासाहेब आमच्यासमोर खाली बसले आणि रडले. इतकी वर्षं झाली, त्यांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं. गालांवरून पाणी, खांदे हलत होते. तुम्ही माझ्या मायबहिणी, माझ्या पोटावर पाय देऊ नका, असं काहीबाही म्हणत होते. दोघीतिघींचे डोळे भरून आले. एकजण तर उठायलाच निघाली होती. मी तिचं लुगडं धरून ठेवलं.

तुळसाबुढी शांतपणे म्हणाली, "होऊ द्या साहेब सावकाश. रडून झालं की सांगजा. आम्ही बसलोच हावो."

दादासाहेबांचं रडणं जागच्या जागी थांबलं. हुंदका नाही, नाक ओढणं नाही. रुमालाने तोंड पुसलं, उठून पँटीची धूळ झटकली, घड्याळ पाहिलं आणि दिवाणजींना म्हणाले, "विमलला बोलवा."

दिवाणजी सायकलवर गेले. विमल आली. फाटक तिच्यासाठी सताड उघडलं, पण पोती अजून बंदच होती. तिने पटांगणाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पदर खोचला. आणि आमच्या ओळीत येऊन बसली.