हळद न लावण्याचा नवस

माझ्या सुनेच्या दोन्ही गालांवर वांग होतं. थोरलीच्या बाळंतपणात आलं आणि मुक्कामालाच राहिलं. ती थोरली शिकली, आयटीत नोकरीला लागली, तरी वांग जागचं हललं नाही. सुनेनं त्याचं गाऱ्हाणं कधी केलं नाही. फक्त फोटो काढायची वेळ आली की तिला भाताखालचा गॅस आठवायचा. आमच्या घरातल्या कुठल्याही लग्नाचा अल्बम उघडा, त्यात सून सापडायची नाही. सापडलीच तर कुणाच्या तरी खांद्यामागं अर्धी.

मग ह्याच थोरल्या नातीचं लग्न ठरलं. साखरपुडा माघात धरला. नात माझ्यावर गेलेली आहे, तोंडावर बोलते. जेवताना आईला म्हणाली, "मम्मी, माझ्या फोटोत तू पुढं उभी नसलीस तर मी फोटोच काढणार नाही. कर काय करायचं ते."

सून दसरा झाल्यावर गुपचूप रावेतला कातडीच्या डॉक्टरणीकडं जाऊन आली. मला कळलं ते न्हाणीघरात. फळीवर तीन ट्यूब ओळीनं उभ्या होत्या. मी चौथी शिकलेली. मराठी वाचता येतं, पण ते सगळं इंग्रजीत होतं. म्हणून उघडून वास घेतला. कसलाच वास नव्हता. ज्याला वास नाही ते औषध कसलं, असं मला वाटलं.

मी आडपडदा ठेवत नाही. ती मेथी निवडत बसली होती, तिथंच विचारलं, "पंचेचाळिशी आली तुझी. आता कुणाला दाखवायचंय तोंड?"

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मला, आत्या."

ह्या उत्तरावर मी दोन दिवस चिडलेली होते.

औषधात तसं काही अवघड नव्हतं. सकाळी साबण न लावता एका मऊ पाण्यासारख्या फेसानं तोंड धुवायचं, मग कातडी मऊ ठेवणारं क्रीम, मग उन्हाचं पांढरं क्रीम. दुपारी बाहेर पडायचं तर पांढरं पुन्हा. अवघड होतं ते पुढचं. बेसन नाही, लिंबू नाही, हळद नाही, आणि तोंड चोळायचं तर मुळीच नाही. एकदा जरी रगडलं तर कातडी बिथरते आणि डाग मागच्यापेक्षा काळा होतो, असं डॉक्टरणीनं बजावलं होतं.

पहिल्या दिवशी पांढरं क्रीम तिला नीट पसरता आलं नाही. माझा मुलगा बघून म्हणाला, गिरणीतनं आलीस काय. त्याचे जेसीबी आहेत, दिवसभर मुरुमात उभा असतो. मी त्याला म्हटलं, तू आधी आरशात बघ, मग गिरणीचं बोल. तेव्हापासून तो गप्प झाला. सुनेनं माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. मला तिची बाजू घ्यायची नव्हती, पोराला गप्प करायचं होतं.

कार्तिक संपता संपता डाग हलायला लागला. चहाच्या डागावर पाणी पडल्यावर कडा विरतात ना, तसं. आणि तेवढ्यात मार्गशीर्षात चुलत जावेच्या नातवाचं लग्न निघालं.

ही चुलत जाऊ आमच्या समोरच्या बंगल्यात राहते. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन पुनावळ्यात आलो, तेव्हा ह्या टॉवरांच्या जागी ज्वारी होती. तेव्हापासून ती मला सल्ले देते आहे. वांगावर तिच्याकडं हमखास इलाज होता: बेसन, लिंबू, हळद, वरनं साय, आणि हात दुखेपर्यंत रगडायचं. मागच्या एका लग्नात तिनं हळदीच्या मांडवात सुनेला धरून तो केलाही होता. सुनेचं तोंड आठवडाभर तव्यासारखं तापत होतं.

आमच्या भावकीत हळद म्हणजे दोन बोटांचं काम नाही. नवरदेव पिवळा झाला की बायका एकमेकींना धरतात आणि मुठी भरून फासतात. नातं जितकं जवळचं तितका हात जड. कुणी नको म्हटलं तर, हिला आमच्या घरची हळद चालत नाही, असं दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. आणि तीच भावकी माघात आम्हाला आमच्या दारात हवी होती.

सून म्हणाली, मी येत नाही, ताप आलाय म्हणून सांगा. मी म्हटलं, तापाचं सांगितलं तर त्या बघायला येतील, आणि येताना हळद घेऊन येतील. तू चल, मी बघते. काय बघणार होते, ते मलाही ठाऊक नव्हतं.

हळदीला मी तिला माझ्या मागं ठेवलं. जाऊ मूठ भरून आलीच. मला बाजूला सारून तिच्या गालाकडं हात नेणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "तिला लावू नको. नवस हाय तिचा."

हात थांबला. "कसला नवस?"

"लेकीचं नीट पार पडू दे, साखरपुड्यापतुर तोंडाला हळद लावणार न्हाई, असं बोललीय."

"कुठल्या देवीला?"

इथं माझी पंचाईत झाली. एका देवीचं नाव घेतलं असतं तर जाऊ तिथल्या पुजाऱ्याला फोन लावायला कमी करत नाही. मी म्हटलं, "नवस फिटल्याबिगर देवीचं नाव घेत न्हाईत. तुला ठाऊक न्हाई व्हय?"

चार बायकांत आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही असं तिनं जन्मात कबूल केलेलं नाही. "ठाऊक हाय की," म्हणाली, आणि हातातली सगळी मूठ माझ्या तोंडाला फासली. सून पदर तोंडात धरून मांडवाच्या खांबाकडं बघत उभी राहिली.

डॉक्टरणीचं नाव सांगितलं असतं तर अर्धा तास वाद झाला असता. नवस म्हटल्यावर सगळ्या दोन पावलं मागं सरल्या. एकीनं विचारलं, अजून काय काय पाळायचं असतं. मला आता गंमत यायला लागली होती. मी डॉक्टरणीचं सगळं नवसाच्या नावावर सांगून टाकलं: तोंडाला साबण न्हाई, चोळायचं न्हाई, दुपारी उन्हात उघड्या तोंडानं जायचं न्हाई. दुसरीनं सुनेच्या गालाकडं बोट करून विचारलं, ते पांढरं काय लावलंय. मी म्हटलं, अंगारा.

तो एक शब्द मला महागात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ हातात स्टीलची वाटी घेऊन दारात हजर. घरात सुखशांती राहावी म्हणून चिमूटभर अंगारा दे म्हणाली. मी न्हाणीघरात जाऊन पांढऱ्या क्रीमची ट्यूब पिळली. तिनं वाटीत बोट घालून बघितलं. ओला कसा म्हणून विचारलं. मी म्हटलं, तीर्थात कालवलाय. तिनं हात जोडले आणि तो अंगारा कपाळाला न लावता स्वतःच्या गालावरच्या काळ्या डागांना लावला. घराची सुखशांती तिच्या गालावर कधीपासून राहायला गेली, हे मी विचारलं नाही.

मग ती रोजच यायला लागली. वाटीत काढताना थोडं माझ्या बोटाला लागायचं. पुसून टाकायचं कशाला, म्हणून मी ते माझ्या तोंडाला लावायची. ट्यूब भराभर संपायला लागली. सुनेनं विचारलं, तर मी टोपण गळतंय म्हणून सांगितलं. एक दिवस तिनं समोरच्या ओट्यावर पांढऱ्या तोंडाची जाऊ बघितली, आणि मग वळून मला बघितलं. पायरीवर बसून हसली बराच वेळ. दुसऱ्या दिवशी फळीवर मोठी ट्यूब आली.

साखरपुडा आकुर्डीच्या एका हॉलमध्ये होता. वांग पूर्ण गेलं नव्हतं. पण आता ते शोधावं लागत होतं, आणि अनोळखी माणूस शोधायला बसत नाही. अंगठ्या झाल्या, फोटोवाल्यानं मुलीच्या आईला बोलावलं. सून सवयीनं स्वयंपाकाकडं वळली. तिथं तिचं काही काम नव्हतं, जेवण केटररचं होतं. नात स्टेजवरनं बघत होती.

तेवढ्यात जावेनं मधेच सुनेचं कोपर धरलं. दुसऱ्या हातात हळदीकुंकवाचं ताट. आणि भावकीतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "साखरपुडा झाला. नवस फिटला. आता हळद लावायची."

माझ्याच तोंडचं होतं, साखरपुड्यापतुर. नवा नियम काढायला मला वेळ मिळाला नाही. बायका जमल्या. जावेनं चिमटीत हळद घेतली. सुनेनं डोळे मिटून घेतले. मी पुढं सरले, पण हात धरायचा तर कुठल्या तोंडानं.

जावेनं गालाला हातही लावला नाही. कुंकवाच्या वर, अनामिकेनं, मुंगी बसावी इतकं हलकं एक बोट टेकवलं. पदराच्या टोकानं खाली सांडलेली पूड झटकली. आणि सुनेला पाठीत हात घालून स्टेजकडं ढकललं.

मग माझ्या कानाशी आली. "देवीचं नाव वाचलं मी आक्का. तुझ्या फळीवरच्या ट्यूबवर लिवलंय. न्हाणीत पाय धुवाया गेले तवा फोटो काढून माझ्या नातीला दावला, तिनं वाचून दिलं."

"कधी?"

"दुसऱ्या का तिसऱ्या वाटीला."

"मग रोज कशाला यायचीस वाटी घेऊन?"

"गुण येत हुता की. आन् तुला थापा मारताना बघायला बरं वाटत हुतं."

फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलाय. सून पुढं आहे, मधोमध, दात दिसताहेत. तिच्या मागं आम्ही दोघी म्हाताऱ्या. त्या दिवशी खास कार्यक्रम म्हणून दोघींनी अंगारा जरा जास्तच लावला होता. मुलगा अजून त्या फोटोखालनं जाताना मान खाली घालून हसतो. गिरणीचं नाव मात्र काढत नाही.