मीठ कोणत्या बाजूला सांडलं?

नोकरीत मी शेकडो पंचनामे केले. त्यांतला एक चुकला, आणि तोच अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. चूक माझी होती, म्हणून ती आधीच सांगून टाकते: घटनास्थळावर शिपाई न ठेवता मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेले.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होते. जिल्ह्यात बाई फौजदार हा प्रकार नवीन होता. लोक ठाण्यात येत, माझ्याकडे बघत आणि विचारत, "साहेब कुठी गेले?" आमचे जमादार, नोकरीची शेवटची दोन वर्षं उरलेला माणूस, न हसता सांगत, "हेच साहेब हाय. बोला."

मे महिना होता. धाडच्या बाजारातून एक शेतकरी बैलगाडीने गावाकडे परतत होता. भाजीपाला विकून गाडी रिकामी झाली होती. गल्लीतल्या चार घरांच्या लोणच्यासाठी घेतलेलं खडे मिठाचं एक पोतं तेवढं गाडीत होतं. दिवस मावळता मावळता समोरून आलेल्या अँबॅसडर कारची गाडीला धडक बसली. जू मोडलं, एका बैलाचा पाय गेला आणि शेतकरी डांबरावर डोक्यावर पडून जागीच मेला. कारचा ड्रायव्हर मार खाण्याच्या भीतीने थांबला नाही. त्याने कार सरळ पोलीस चौकीत नेली आणि स्वतः हजर झाला. मी एका लग्नाच्या वरातीच्या बंदोबस्तावर होते. चौकीतले दोन शिपाई घटनास्थळी गेले, प्रेत दवाखान्यात हलवलं आणि अंधारात बाकी काही न टिपता परत आले.

सकाळी मी पोहोचले तेव्हा बैलगाडी गावाकडे जाताना डाव्या हाताला, म्हणजे जिथे असायला हवी तिथेच उभी होती. शेजारी मीठ सांडलेलं, पोतं फाटलेलं. मृताच्या धाकट्या भावाने फिर्याद दिली: कार भरधाव आली, रस्ता ओलांडून आमच्या बाजूला घुसली आणि गाडी उडवली. मृताच्या बायकोनेही जबाबात तेच सांगितलं. दोन पंच उभे केले, टेप लावली, नकाशा काढला, सह्या घेतल्या. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल ड्रायव्हरवर गुन्हा नोंद झाला.

ड्रायव्हर एकच सांगत होता. "म्याडम, बैलगाडी माह्या बाजूनं व्हती. तो माणूस झोपेल व्हता. बैल आपल्या मनानं चालून राह्यले व्हते."

"प्रत्येक ड्रायव्हर असंच सांगतो," मी म्हटलं आणि त्याला कोठडीत टाकलं. दोन दिवसांनी तो जामिनावर सुटला.

चौथ्या दिवशी एस.टी.चा एक ड्रायव्हर ठाण्यात आला. त्याच्या गाडीच्या टपावरून कुणाची तरी सायकल पडली होती, त्याचा कागद करायचा होता. कागद झाला तरी तो उठेना.

"अजून काही आहे?" मी विचारलं.

"हाय बी आन् नाही बी. मले कोर्टाच्या चकरा नाही पाहिजे."

"आधी सांगा, चकरांचं मग बघू."

"त्या दिवशी माही गाडी अपघातामागून दहा मिनिटांनी तिथून निघाली. बैलगाडी उजव्या अंगाले व्हती, पार मातीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीले पाह्यलं तं डाव्या अंगाले! मी कंडक्टरले म्हनलं, बे, मोडेल गाडी रस्ता वलांडून गेली का?"

जमादार माझ्याकडे बघत होते. मी त्यांना जीप काढायला सांगितली. जाण्याआधी, जप्त करून ठाण्याच्या आवारात आणलेली कार पुन्हा पाहिली. डावा दिवा फुटला होता, उजव्या बाजूला ओरखडाही नव्हता. कार उजवीकडे घुसून धडकली असती तर उजवा दिवा फुटायला हवा होता. हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं, लिहूनही घेतलं होतं. त्याचा अर्थ मात्र लावला नव्हता.

घटनास्थळी एक म्हातारी शेळ्या हाकत होती. शेळ्या उजव्या बाजूच्या मातीत माना घालून उभ्या होत्या.

"आजी, इथे गवताची काडी नाही. काय खातात?"

"खाते काय, चाटून राह्यल्या! तीन दिस झाले, बाई, इथून हालतच नाही. हाकलल्या तरी फिरून येते. मातीले काय गोडी लागली, देव जाणे."

जमादारांनी बोटावर चिमूटभर माती घेतली आणि जिभेला लावली. "मीठ हाय, म्याडम."

गावकऱ्यांनी वरवरचं मीठ भरून पलीकडे टाकलं होतं. मातीत मुरलेलं भरता येत नाही. त्या बाजूला बैल का गेले तेही तिथेच समजलं. डाव्या पटरीवर दुरुस्तीची खडी टाकलेली होती. बैलांच्या पायांचे नाल झिजले असले की ते खडी आणि डांबर टाळतात, मऊ माती धरतात. आणि बाजार करून परतणारा शेतकरी गाडीत आडवा होतो. घर बैलांना माहीत असतं. या भागात राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. कार चालवणाऱ्याला सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी मृताच्या भावाला ठाण्यात बोलावलं. चौकशीबद्दल लोकांच्या डोक्यात काठी आणि आरडाओरडा असतो. माझा अनुभव वेगळा आहे. खोटं पाठ करून आलेला माणूस प्रश्नांची वाट बघत असतो. त्याला प्रश्नच मिळाला नाही तर त्याची तयारी त्यालाच जड होते. मी त्याला बाकावर बसवलं, चहा दिला आणि तासभर माझी टपाली कामं केली. मग मान वर न करता विचारलं, "मीठ भरायला कितीजण होते?"

"कोन्तं मीठ?"

"शेळ्या चाटतात ते."

कपात चहा नव्हता, तरी त्याने कप तोंडाला लावला.

"आठ जण व्हतो," तो शेवटी म्हणाला. "गाडी रिकामीच, उचलली आन् ठेवली. म्याडम, चोरी नाही केली आमी."

"मग काऊन केलं?" माझ्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

"कोर्टाजवळ अर्ज लिहून देणारा एक जण हाय, गावातलाच. तो म्हणे, मेल्याची चूक निघाली तं विम्याचे पैसे नाही भेटत. वहिनीले दोन पोरी हाय. मळा हाय, पन एका बैलावर मळा कोन करते? मी माहं वावर पाहू का तिचं? बैल नाही घेतला तं मळा पडते. मंग तिले भावाच्या दारात जा लागते."

माणूस खोटारडा नव्हता. भावजयीचं घर टिकावं म्हणून त्याने एका निरपराध ड्रायव्हरला तुरुंगाच्या दाराशी नेऊन उभं केलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी दोन्ही लिहून घेतल्या.

आता प्रश्न होता तो त्या बाईचा. खरं लिहिलं तर तिची भरपाई जाणार, अशी माझीही समजूत होती. खोटं लिहिणं शक्य नव्हतं. मी सरकारी वकिलांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"फौजदारबाई, आठ जणांनी गाडी उचलली ती कशासाठी? कायद्यात आता नवं कलम आलंय. वाहनाच्या अपघातात माणूस मेला, तर एक ठरावीक रक्कम द्यावीच लागते. चूक कुणाची, हे विचारायचंच नाही. मेलेला झोपला होता म्हणून त्यातली दमडी कापता येत नाही. त्याहून जास्त मागायचं असेल तर चूक सिद्ध करा, ती वेगळी गोष्ट."

"मग या बाईला मिळेल?"

"अपघात त्याच कारने झाला, हे पटलं तर मिळेल. पण तुमचा पंचनामा खोट्या जागेचा आहे. कंपनीचा वकील म्हणेल, जागा बनावट, साक्षी बनावट, म्हणजे अपघातही बनावट. खोटेपणामुळेच पैसे अडकतील."

मी दुसरा पंचनामा केला. मिठाच्या मातीचा नमुना घेतला, खडीची मापं घेतली, एस.टी. ड्रायव्हरचा जबाब घेतला. कोर्टाच्या चकरांबद्दल त्याने मला दोन शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. मृताच्या बायकोला वकिलांचं म्हणणं समजावून सांगितलं, मग तिचा आणि भावाचा पुरवणी जबाब घेतला. वरिष्ठांपुढे पहिला पंचनामा कसा चुकला ते लेखी दिलं. लेखी ताकीद मिळाली, ती रास्त होती. ड्रायव्हरवरचा गुन्हा पुराव्याअभावी निकाली काढण्याचा अहवाल गेला. भावावर खोट्या फिर्यादीचा खटला भरायचा की नाही, हे वरिष्ठांनी माझ्यावर सोडलं. मी भरला नाही. तो निर्णय बरोबर होता का, हे आजही ठामपणे सांगता येणार नाही. त्या ड्रायव्हरला विचारलं असतं तर त्याने वेगळं सांगितलं असतं.

भरपाईच्या अर्जाची सुनावणी झाली तेव्हा साक्षीसाठी मी हजर होते. ती बाई उभी राहिली. पदर नीट डोक्यावर, आवाज बारीक. कंपनीच्या वकिलाने तिला पहिलाच प्रश्न टाकला.

"पोलिसांना तुम्ही आधी सांगितलं की गाडी डाव्या बाजूला होती. ते खोटं होतं ना?"

मला वाटलं ती दिराकडे बघेल. ती वकिलाकडेच बघत राहिली.

"हाव. खोटं व्हतं."

"म्हणजे तुम्ही पैशासाठी खोटं बोललात."

"बोलली. मले सांगतलं व्हतं की खरं बोलली तं पोरी उघड्यावर येईन. आता बाईसाहेबानं सांगतलं की खऱ्यानं बी भेटते. मंग कायले खोटं बोलू? गाडी इकडं व्हती का तिकडं, ते आमी बदललं. माणूस मेला, ते आमाले नाही बदलता आलं."

वकिलाने कागद चाळले आणि पुढचे प्रश्न कारच्या नंबराबद्दल आणि विम्याच्या मुदतीबद्दल विचारले. दोन्हींची उत्तरं माझ्या कागदात होती. त्याच आठवड्यात अंतरिम भरपाईचा हुकूम झाला. पुढच्या पावसाळ्याआधी रक्कम हातात पडली आणि ती माहेरी गेली नाही, एवढं मला नक्की माहीत आहे.

या प्रकरणाने मला माणसांबद्दल फार काही नवं शिकवलं नाही. माणसं घर वाचवण्यासाठी खोटं बोलतात, हे ठाण्यात पहिल्याच महिन्यात कळतं. नवं होतं ते हे, की त्यांना खोटं बोलायची गरज आहे की नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही. कायदा दिल्लीत छापला जातो, अर्ज लिहिणाऱ्यापर्यंत अर्धा पोहोचतो, आणि उरलेला अर्धा तो स्वतः घालतो. मीही तो पूर्ण वाचला नव्हता.

त्यानंतर अपघाताच्या घरी गेले की मी कागद लगेच काढत नसे. आधी बसून सांगायची, सरकार तुम्हाला काय विचारणार आहे आणि काय विचारणार नाही. मग म्हणायची, "आता सांगा." काहीजण तरीही खोटंच सांगत. पण बरेचजण म्हणत, "मंग म्याडम, ते सकाळी सांगतलं ते सोडा. असं झालं व्हतं..." कागद मी त्यानंतर काढायची.